दारासिंग यांची कारकीर्द आणि पाचशेचा आकडा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

१२ जुलै रोजी दारासिंग यांच्या स्मृतिदिनानिमित्त आपण छापलेला लेख आणि त्यावर काही दिवसांनी याच सदरात आलेले एका वाचकाचे पत्र, दोन्ही मी वाचली. लेखात म्हटले आहे की, दारासिंग पाचशे कुस्त्या लढले व त्यांतील एकही हरले नाहीत, १९५९ मध्ये त्यांनी राष्ट्रकुल विजेतेपद मिळवले आणि १९६८ मध्ये ते जगज्जेते झाले. पत्रलेखकाने हे सगळे एका वाक्यात निकालात काढले आहे: त्या साऱ्या नुरा, म्हणजे निकाल आधीच ठरवलेल्या, कुस्त्या होत्या, मग त्यांचे कौतुक ते कसले? माझ्या मते लेखातील आकडे जसे तपासल्याशिवाय घेण्याजोगे नाहीत, तशीच पत्रातील तुच्छताही घेण्याजोगी नाही. दारासिंग व्यावसायिक कुस्तीगीर होते. त्या व्यवसायाला स्वतःचे नियम होते, स्वतःचे कसब होते आणि यशापयशाचे स्वतःचे माप होते. त्या मापाने पाहिले तर त्यांची कारकीर्द फार मोठी ठरते. ऑलिंपिकच्या मापाने पाहू गेलो तर ती मोजताच येत नाही. हे जरा विस्ताराने मांडण्याची परवानगी असावी.

दारासिंग यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ रोजी अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक या गावी शेतकरी कुटुंबात झाला. १९४७ मध्ये ते सिंगापूरला गेले ते पोटापाण्यासाठी, आणि तिथे पिंपे तयार करणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागले. सहा फूट दोन इंच उंचीचा, रुंद छातीचा हा तरुण हरनामसिंग नावाच्या वस्तादांच्या हाताखाली ‘ग्रेट वर्ल्ड’ येथे कुस्तीचे धडे घेऊ लागला. ग्रेट वर्ल्डला आपण ज्याला तालीम म्हणतो तसे काही म्हणता येणार नाही. सिंगापुरात त्या काळी जी मोठी करमणूक उद्याने होती, त्यांपैकी ते एक. एकाच कुंपणाच्या आत सिनेमा, नाचगाणे, खाण्यापिण्याची दुकाने आणि संध्याकाळी तिकीट लावून कुस्ती, असा तिथला बारमाही जत्रेचा थाट होता. दारासिंग यांनी हा व्यवसाय पत्करला तो अशा ठिकाणी, हे त्यांच्यावरचे बहुतेक लेख सांगत नाहीत आणि त्यामुळे पुढचे सगळे चुकत जाते. गावाकडच्या कुस्त्यांच्या दंगलीत शिकलेले जोर, बैठका आणि डाव ही त्यांची पहिली विद्या होती. समोरच्या तिकीटधारकाला तासभर खुर्चीच्या टोकावर बसवून ठेवणे ही दुसरी विद्या होती आणि ती त्यांना सिंगापूर-मलायाने शिकवली.

या दुसऱ्या विद्येची गरज का पडली, हे आपल्याकडच्या कुस्तीशौकिनांना समजायला कठीण जाऊ नये. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लाउस झिबिस्को यांची कुस्ती झाली. ती खरीखुरी, निकालाची कुस्ती होती. गामाने पहिल्याच मिनिटाला झिबिस्कोला खाली घेतले आणि त्यानंतर झिबिस्को अडीच तासांहून अधिक वेळ पालथा पडून राहिला. गामाला त्याला चीत करता आले नाही, त्यालाही उठून लढावेसे वाटले नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली तर तो फिरकलाच नाही. तुल्यबळ जोड भिडली की मानेवर हात टाकून दोघे पैलवान अर्धा-अर्धा तास एकमेकांना फक्त रेटत राहतात, हे खासबाग मैदानात बसलेल्या कोल्हापूरकराला नवे नाही. तो जाणकार असतो, त्या रेटारेटीत त्याला पकड दिसते, दम दिसतो. लंडनच्या, शिकागोच्या किंवा सिंगापूरच्या तिकीट काढून आलेल्या गिऱ्हाइकाला मात्र त्यात काहीच दिसत नव्हते. म्हणून अमेरिकेतील आयोजकांनी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आणि नंतर १९२० च्या दशकात उघडपणे वेळेची मर्यादा घातली, उचलाउचलीचे आणि फेकाफेकीचे प्रकार वाढवले आणि निकाल आधी ठरवायला सुरुवात केली. दारासिंग या धंद्यात आले तेव्हा ही पद्धत जगभर रुळली होती. मुंबईत तिला ‘फ्रीस्टाइल’ हे नाव पडले. ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइल कुस्तीशी या नावाचा काही संबंध नव्हता, पण त्यामुळे जो गोंधळ झाला तो अजून निस्तरत नाही.

भारतात परतल्यावर १९५४ मध्ये त्यांनी टायगर जोगिंदरसिंग यांना हरवून ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळवला आणि काश्मीर सोडून मुंबईत स्थायिक झालेल्या महाराजा हरिसिंग यांच्या हस्ते त्यांना चांदीचा चषक मिळाला. आपल्याकडच्या काही लिखाणात हाच किताब ‘हिंदकेसरी’ म्हणून छापला जातो. हिंदकेसरीची स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली आणि तिच्या विजेत्यांच्या यादीत दारासिंग यांचे नाव नाही. १९५९ चे हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे गणपतराव आंदळकर, हे निदान मराठी वर्तमानपत्राने तरी विसरू नये.

दारासिंग यांचे खरे नाव झाले ते किंगकाँगबरोबरच्या लढतींनी. किंगकाँग म्हणजे एमिल चाया, मूळचा हंगेरीचा, वयाने दारासिंग यांच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. जाहिरातीत त्याचे वजन दोनशे किलोच्या घरात सांगितले जाई. नेमके कितीही असो, तो माणूस रिंगमध्ये शिरला की दोरखंड आत ओढले जात एवढा मोठा होता. वाढलेली दाढी, आरडाओरडा, पंचाला ढकलणे, प्रेक्षकांना डिवचणे हे सगळे त्याचे कामच होते. स्वातंत्र्याला दहा वर्षेही झाली नव्हती. समोर परदेशी गोरा धिप्पाड गडी आणि त्याला उचलून आपटणारा पंजाबचा देखणा, शांत, नियमाने खेळणारा जवान: या जोडीने मुंबई, कलकत्ता, दिल्लीची मैदाने भरली. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये या कुस्त्या पाहायला गिरणीतला कामगार आणि मलबार हिलचा शेठ एकाच रात्री येत असत, असे माझ्या वडिलांच्या पिढीतली माणसे सांगत. पोराच्या दंडात बेडकी दिसली की ‘मोठा दारासिंग लागून गेलास’ असे म्हणण्याची पद्धत तेव्हा महाराष्ट्राच्या गावोगावी पडली आणि ती माझ्या नातवंडांपर्यंत टिकली आहे. त्यातल्या निम्म्यांना तो कोण, हे ठाऊक नाही.

पत्रलेखक ज्याला नुरा म्हणतात ते जवळून पाहिले तर काय दिसते? दीडपावणेदोनशे किलोच्या माणसाला डोक्यावर उचलायचे असेल तर उचलणाऱ्याने एक हात त्याच्या मांड्यांमधून आणि दुसरा खांद्यावरून घालून पकड बसवायची असते, आणि उचलल्या जाणाऱ्याने नेमक्या त्याच क्षणी पायांनी थोडी उसळी घ्यायची असते. त्याने अंग सैल सोडले तर जगातला कोणताही पैलवान त्याला छातीच्या वर नेऊ शकत नाही, आणि नेलाच तर दोघेही कोसळतात. वर गेल्यावर त्याने पाठ ताठ ठेवायची. खाली पडताना हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके आपटत नाही, आणि पाठ, खांदे व दोन्ही तळहात एकाच वेळी जमिनीला लागतील असे पडायचे, म्हणजे मार सगळ्या अंगावर वाटला जातो. खाली लाकडी फळ्या, वर पातळसे पॅडिंग आणि त्यावर ताणलेले कॅनव्हास. आपल्या हौद्यात ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली लाल माती असते, तिचा पत्ताच नाही. हे आज मुंबईत, परवा नागपुरात, पुढच्या आठवड्यात कलकत्त्यात करायचे आणि ते वर्षानुवर्षे करायचे. यातली अर्धी ताकद आणि निम्म्याहून अधिक कसब किंगकाँगचे होते, हे दारासिंगभक्तांना सांगितले की ते रागावतात. पण उरलेली अर्धी ताकद कमी होती असे कोणी समजू नये. दीडशे किलोंचा माणूस उसळी घेऊनही दीडशे किलोंचाच राहतो.

रांचीतील एका कुस्तीचा किस्सा अजून सांगितला जातो. दारासिंग यांनी किंगकाँगला डोक्यावर उचलले तेव्हा तो वरून पंचाला ओरडून म्हणाला की, हे आपल्या करारात नव्हते. किस्सा खरा की रचलेला, हे मला ठरवता येत नाही, पण तो सांगणारे बहुधा त्याचा अर्धाच अर्थ घेतात. त्यांना त्यात दारासिंग यांची ताकद दिसते. मला त्यात करार दिसतो.

आता किंगकाँगकडे थोडे अधिक पाहू. नोव्हेंबर १९५५ मध्ये हाच किंगकाँग टोकियोत रिकिडोझान या जपानी कुस्तीगिराकडून आशियाई अजिंक्यपदाच्या अंतिम कुस्तीत हरला. जपान तेव्हा नुकताच अमेरिकी ताब्यातून बाहेर पडला होता आणि गोऱ्या धटिंगणांना हरवणारा रिकिडोझान हे तिथल्या लोकांचे दैवत झाले होते. (रिकिडोझान मूळचा कोरियन होता आणि हे त्याच्या हयातीत बहुतेक जपान्यांना ठाऊक नव्हते. राष्ट्रवीरांच्या बाबतीत अशा गोष्टी घडतात.) ज्या देशात जावे तिथल्या लाडक्या वीराकडून, भरल्या मैदानात, पुरेसा वेळ त्याला छळून झाल्यावर हरायचे, हा किंगकाँगचा उदरनिर्वाह होता. तो अखेरपर्यंत फिरतीवरच राहिला. मलेशियातील एका मोटार अपघातात तो सापडला आणि १९७० मध्ये सिंगापुरात वारला. त्याच्यासारख्या माणसाने दारासिंग यांच्याकडून किती वेळा हार पत्करली, याची बेरीज करून तिला ‘अजिंक्य’ म्हणणे म्हणजे नाटकात नायकाने खलनायकाला किती प्रयोगांत मारले ते मोजण्यासारखे आहे.

पाचशेच्या आकड्याविषयी म्हणूनच मला अडचण वाटते. तो आकडा सगळीकडे छापला जातो, पण त्या पाचशे कुस्त्यांची तारीख, गाव आणि प्रतिस्पर्धी यांसह तयार केलेली यादी लेखासोबत कधीच नसते. व्यावसायिक कुस्तीत लोकप्रिय नायकालाही अधूनमधून हरावे लागते, बरोबरीत सुटावे लागते, कारण त्याशिवाय पुढच्या महिन्याच्या फेरलढतीची तिकिटे खपत नाहीत. पस्तीस वर्षे हा धंदा करणारा माणूस एकदाही हरला नसेल, तर त्याच्या आयोजकांना धंदा कळत नव्हता असे म्हणावे लागेल, आणि ते तर उघडच खोटे आहे.

राष्ट्रकुल विजेतेपदाचा घोळ याहून सोपा आहे. १९५९ मध्ये कलकत्त्यात दारासिंग यांनी जॉर्ज गॉर्डिएंको याला हरवून ‘कॉमनवेल्थ चॅम्पियन’ हा किताब घेतला. हा व्यावसायिक किताब होता. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांशी त्याचा संबंध नाही. त्या आदल्या वर्षी कार्डिफला झाल्या आणि तिथे कुस्तीत हेवीवेट गटाचे सुवर्णपदक हरियाणाच्या लीलाराम यांनी मिळवले. मिल्खासिंग यांचे सुवर्णपदकही त्याच स्पर्धेतले, त्यामुळे ते सर्वांच्या लक्षात राहिले; लीलाराम यांचे पदक मात्र अशा नावांच्या सारखेपणामुळे दारासिंग यांच्या खात्यावर जमा होते, हा त्यांच्यावर अन्याय आहे. गॉर्डिएंकोबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कॅनडातील विनिपेगचा हा माणूस त्या पिढीतील सर्वांत बळकट आणि जाणकार कुस्तीगिरांपैकी एक मानला जाई. तरुणपणी कम्युनिस्ट पक्षाशी संबंध आल्यामुळे त्याला अमेरिकेची दारे बंद झाली, म्हणून तो जगभर हिंडत कुस्ती करत राहिला आणि पुढे चित्रकार झाला. अशा माणसासमोर उभे राहताना दारासिंग यांना कुस्ती येत नसती तर ती रात्र लपून राहिली नसती.

यानंतर १९६८. लेखातील सर्वांत मोठा दावा हा आहे आणि सर्वांत रोचक गोष्टही हीच आहे, म्हणून इथे मी थोडा रेंगाळणार आहे. २९ मे १९६८ रोजी मुंबईत दारासिंग यांनी लू थेझ याला हरवले आणि त्यांना जगज्जेते घोषित करण्यात आले. थेझ हा अमेरिकेच्या व्यावसायिक कुस्तीतला सर्वांत मान्यवर विजेता. १९४८ मध्ये तिथल्या आयोजकांनी स्थापन केलेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सचा जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला अनेक वर्षे होता. पण मुंबईला आला तेव्हा तो ५२ वर्षांचा होता आणि तो पट्टा त्याच्याकडे नव्हता. ७ जानेवारी १९६६ रोजी सेंट लुइस येथे जीन किनिस्कीने तो घेतला होता आणि १९६८ मध्येही तो किनिस्कीकडेच होता. म्हणजे मुंबईत जे जगज्जेतेपद पणाला लागले ते मुंबईपुरते आणि जाहिरातीपुरते होते. थेझकडे नसलेली गोष्ट दारासिंग यांना त्याच्याकडून जिंकता येणे शक्य नव्हते.

इथे थांबलो तर पत्रलेखक जिंकतील. पण थेझ कोण होता, हे पाहिले तर त्या रात्रीला वेगळाच अर्थ येतो. या धंद्यात निकाल आधी ठरत असला तरी समोरचा माणूस ऐन वेळी शब्द फिरवील, ही भीती आयोजकांना सदैव असे. त्यावरचा उपाय म्हणजे पट्टा अशा माणसाकडे ठेवायचा, ज्याच्याकडून तो कोणी दगाबाजीने काढून घेऊच शकणार नाही. हात, गुडघा किंवा घोटा एका पिळात निकामी करणाऱ्या जुन्या पकडी थेझला अवगत होत्या. १९६३ मध्ये टोरांटो येथे बडी रॉजर्सकडून पट्टा परत आणायची वेळ आली तेव्हा आयोजकांनी ४६ वर्षांच्या थेझला पुन्हा बोलावले ते याचसाठी. रॉजर्सने ऐन वेळी कच खाल्ली असती, तरी थेझने तो पट्टा खरोखर लढून घेतला असता, हे रॉजर्सलाही माहीत होते. असा माणूस ज्याला त्याला पाठ टेकवू देत नसे. ज्यांना कुस्ती येत नाही अशा देखण्या शरीराच्या तारांकितांविषयी त्याला तिटकारा होता आणि तो त्याने लपवला नाही. दारासिंग यांच्याबद्दल मात्र त्याने नंतर लिहिले ते आदराने: हा अस्सल कुस्तीगीर आहे, याने शरीर उत्तम कमावले आहे आणि याच्याकडून हरण्यात मला काही वावगे वाटले नाही. माझ्या दृष्टीने त्या खोट्या जगज्जेतेपदापेक्षा थेझचे हे प्रमाणपत्र मोलाचे आहे. ते एका कारागिराने दुसऱ्या कारागिराला दिलेले आहे, आणि नेमके तेच आपल्या लेखात नाही.

ठरलेल्या कुस्तीतही खरी ताकद का लागते, याचे एक जळजळीत उदाहरण दारासिंग यांच्या काळातच, आपल्या शेजारी घडले. १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये जपानचा अँटोनिओ इनोकी आणि अक्रम पैलवान यांची कुस्ती झाली. अक्रम हे गामाचे पुतणे, भोलू बंधू या पाकिस्तानी पैलवान भावांपैकी एक; घराण्याचा लौकिक केवढा, हे सांगायला नको. दोघांत काय ठरले होते आणि ते कोणी मोडले, याविषयी दोन्ही बाजू आजही वेगवेगळे सांगतात. पण रिंगमध्ये ठरलेले मोडले, दोघे खरेच भिडले, इनोकीने हाताचा पीळ घातला आणि अक्रम यांचा हात निकामी झाला. भरलेले स्टेडियम सुन्न झाले. दारासिंग यांना पस्तीस वर्षांत असा प्रसंग आपल्यावर येऊ द्यायचा नव्हता, आणि तो येऊ नये यासाठी शरीर व डाव दोन्ही तयार ठेवावे लागत होते. ‘नुरा’ म्हणून हात झटकणाऱ्यांना ही तयारी दिसत नाही.

पण लेखातील आकड्यांनी दुसऱ्या एका माणसावर अन्याय होतो आणि तो आपल्या मातीतला आहे. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानचा इशी आणि सोव्हिएत संघाचा मामेदबेकोव यांच्याकडून ते हरले. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचे नाव, प्रत्येक निकाल, हार धरून, कागदावर आहे. त्या काळच्या ऑलिंपिक नियमांनुसार व्यावसायिक खेळाडूला तिथे प्रवेश नव्हता, तेव्हा दारासिंग तिकडे जाऊ शकले नसते आणि खाशाबांना दारासिंग यांच्यासारखी कमाई करता आली नसती. एकाला हेलसिंकीला जाण्यासाठी प्राचार्यांचे घर गहाण पडले, पुढे १९५५ मध्ये पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी धरावी लागली आणि अर्जुन पुरस्कार २००० मध्ये मिळाला, तोही मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. दुसऱ्याने स्वतःच्या शरीराची किंमत वेळेवर वसूल केली. यात दारासिंग यांचा काही दोष नाही; मी तर म्हणेन की, ते त्यांचे शहाणपण होते. पण ‘पाचशे लढती, शून्य पराभव’ ही ओळ ज्या पानावर छापली जाते, त्याच पानावर खाशाबांच्या कांस्यपदकाचे मोल उतरते, कारण वाचक दोन्ही एकाच तराजूत घालतो. आपल्या लेखकाने ‘व्यावसायिक’ हा एक शब्द घातला असता तरी पुष्कळ काम झाले असते.

सिनेमातील कारकिर्दीबद्दल लेखात भरपूर आहे, म्हणून मी थोडक्यात लिहितो. १९६२ च्या ‘किंगकाँग’पासून ते नायक झाले, मुमताज यांच्यासोबत त्यांनी डझनाहून अधिक चित्रपट केले आणि या चित्रपटांना समीक्षकांनी कधी किंमत दिली नाही. मला यातले महत्त्व वेगळे वाटते. रिंगमधला त्यांचा अवतार आणि पडद्यावरचा अवतार यांत फरकच नव्हता: बलवान, सरळ, थोडा अबोल, अन्याय होईपर्यंत हात न उचलणारा. १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या मालिकेत ते हनुमान झाले तेव्हा साठीला टेकले होते. तरी बदललेला चेहरा आणि शेपूट लावून जड गदा पेलत ते दिवसचे दिवस उभे राहत. पस्तीस वर्षे ज्या माणसाने प्रेक्षकांसमोर एकच स्वभाव सांभाळला, त्याला ती भूमिका मिळणे हा योगायोग नव्हता. प्रत्येक तालमीत मारुतीची मूर्ती असतेच. तिच्याशेजारी दारासिंग यांचे कॅलेंडर लावलेल्या तालमी मी साताऱ्याकडे पाहिल्या आहेत, आणि ही मालिका येण्याच्या कितीतरी आधी.

१९८३ मध्ये दिल्लीत एक मोठी स्पर्धा भरवून त्यांनी निवृत्ती घेतली. तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. राष्ट्रपती झैलसिंग बक्षीस समारंभाला होते. एका व्यावसायिक कुस्तीगिराच्या निरोपाला देशाच्या राष्ट्रपतींनी यावे, हे जगात दुसरीकडे कुठे घडल्याचे माझ्या माहितीत नाही. २००३ ते २००९ ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूडब्ल्यूई या व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीने त्यांचे नाव मरणोत्तर आपल्या मानाच्या यादीत घातले. तिथल्या लोकांना ते कोणत्या धंद्यातले होते, याविषयी कधी शंका नव्हती. ती फक्त आपल्याकडे आहे.

शेवटी आपल्याला एक विनंती आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांत फ्रीस्टाइल कुस्त्यांच्या जाहिराती येत आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी निकालही येत. आपल्या कार्यालयात जुन्या अंकांच्या फायली असतीलच. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही त्या काळची पुष्कळ वृत्तपत्रे व नियतकालिके जपलेली आहेत. त्यावरून दारासिंग यांच्या निदान मुंबई, पुणे, नागपूर आणि कोल्हापूर येथील कुस्त्यांची यादी करता येईल: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, तिकिटांचे दर, जाहीर झालेला निकाल. त्यात किंगकाँगने जिंकलेल्या रात्री सापडल्या तर त्याही छापाव्यात, आणि बरोबरीत सुटलेल्या कुस्त्या कोणत्या कारणाने सुटल्या असे सांगितले होते, तेही. सोबत, वरळीला त्या कुस्त्या पाहिलेले जे वाचक आज ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात आहेत, त्यांना आपण आवाहन केले तर आसनव्यवस्था, पंच, मध्यंतर, रिंगची उंची असे बारीकसारीक तपशील हाती लागतील. ही माणसे फार दिवस भेटणार नाहीत. माझ्याकडून एवढेच सांगतो की, आपण परवानगी दिलीत तर फायली चाळायला मी स्वतः येईन आणि आमच्या येथील महाविद्यालयातील दोन-तीन विद्यार्थ्यांनाही सोबत आणीन. पुढच्या १२ जुलैला अजून वेळ आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक, सातारा